थकव्याची कुळकथा

दिवाळी अंकात दुखण्याखुपण्याविषयी लिहू नये असा एक संकेत आहे. दारात आकाशकंदील लागलेला, शेजारी फराळाचे ताट, आणि अंक उघडावा तो समोर रक्ततपासणीच्या गोष्टी! परंतु संपादकांनी यंदा 'इतिहासावर काही लिहा' असे कळवले, आणि गेल्या तीन वर्षांत मी जो काही इतिहास वाचला तो सगळा एका थकव्याचा. राजेरजवाड्यांवर लिहायला विद्वान पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, एका लहानशा खासगी शाळेत लहान मुलांना शिकवणारी आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारी बाई. तेव्हा जो इतिहास मला स्वतःच्या अंगावरून वाचावा लागला, तोच सांगते. त्यात लढाया नाहीत. माणसे मात्र आहेत. आणि शेवटी माझी आई आहे.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण. फळ्यावर उजळणी लिहीत होते. सतराचा पाढा अर्धा झाला आणि वर धरलेला हात आपोआप खाली आला. दुखला नाही, मुरगळला नाही. नुसता खाली आला. मी खुर्चीवर बसले. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही दमलात का?" मी तिला "गप्प लिही" म्हटले, पण पोरीने नेमका शब्द सांगितला होता. मी दमले होते, आणि ते काही त्या दिवशीचे दमणे नव्हते. सहासात महिने मी सकाळी उठत होते तीच दमून. जेवण कमी, वजन मात्र जास्त. आवाज घोगरा. फणीत केसांचा पुंजका. हजेरी घेताना वर्षभर ओठांवर असलेली नावे आठवेनात. कोकणातल्या आश्विनात, लोक घामाने निथळत असताना, मी शाल पांघरून बसू लागले.

पहिल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय विचारले, आणि म्हणाले, "चाळिशी उलटली की असे व्हायचेच. टॉनिक घ्या, मन रमवा." टॉनिकच्या तीन बाटल्या संपल्या. घरी हे म्हणाले, "लिहिणे कमी कर." शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. मी स्वतः काय म्हणत होते, तर "आळस वाढला, दुसरे काय!" हा शब्द मला दुसऱ्या कोणी दिलेला नव्हता. तो माझाच, आणि मी पूर्वी तो दुसऱ्या एका व्यक्तीसाठी वापरलेला होता. त्याची हकीगत पुढे येईल.

दीड वर्षाने तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी माझ्या हाती पाण्याचा पेला दिला आणि घोट गिळताना माझा गळा निरखून पाहिला. गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. टाचांच्या भेगा पाहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, रक्त तपासू या. अंदाज थायरॉइडचा आहे, पण थकव्याला कारणे पन्नास असतात. रक्त कमी असते, साखर असते, बी-बारा कमी असते, कधी झोप नसते, कधी मनात दुःख असते. एकाच कारणावर बोट ठेवून बसायचे नाही."

कागद आला. त्यात टी.एस.एच. नावाचा आकडा हवा त्याच्या कितीतरी पट. मी म्हटले, "म्हणजे माझ्यात थायरॉइड जास्त?" त्या हसल्या. "उलट. हा आकडा गळ्यातल्या ग्रंथीचा नाही. तिला हुकूम सोडणाऱ्या मेंदूच्या बुडाच्या ग्रंथीचा आहे. तुमच्या शाळेत शिपाई ऐकेनासा झाला की हेडमास्तर काय करतात?"

"ओरडतात."

"हा आकडा म्हणजे ते ओरडणे."

इतके सोपे शिकवणे मला वर्गात जमले असते तर! हिमोग्लोबिनही कमी निघाले, म्हणजे थकव्याला एक नव्हे, दोन धनी होते. मी विचारले, "आयोडीन कमी पडले म्हणायचे का? पण आम्ही समुद्रकाठची माणसे. बांगडा, कोळंबी चुकत नाही, मीठही पाकिटातले." त्या म्हणाल्या, "म्हणूनच आणखी एक तपासणी केली. हा आयोडीनचा दोष नव्हे. तुमचे शरीर स्वतःच्याच ग्रंथीशी भांडते आहे. याला हाशिमोटोचा विकार म्हणतात." हे नाव मी वहीत लिहून आणले, आणि ते शोधता शोधता पार सुश्रुतापर्यंत जाऊन पोचले.

गळ्याला सूज येते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात गलगंडाचे वर्णन आहे. गळ्याशी लोंबणारी सूज असे सांगून तिचे वात, कफ आणि मेद असे प्रकार पाडले आहेत. चीनमधले वैद्य त्यावर समुद्रातले शैवाल देत, तर युरोपातले वैद्य समुद्री स्पंज जाळून त्याची राख. का देत, हे त्यांना माहीत नव्हते. गुण येई, म्हणून देत. दोन्हींत आयोडीन असते, ही गोष्ट कळायला अजून कित्येक शतके जायची होती.

ग्रंथीला नाव मिळाले ते १६५६ साली. लंडनच्या टॉमस व्हार्टनने शरीरातल्या ग्रंथींवर पुस्तक लिहिले आणि ढालीच्या ग्रीक शब्दावरून हिला 'थायरॉइड' म्हटले. आपल्या मराठीत तिला अवटु ग्रंथी म्हणतात. जेमतेम वीस ग्रॅम वजनाची, गळ्यावर फुलपाखरासारखी बसलेली ही वस्तू कशासाठी आहे? व्हार्टनसाहेबांनी जी कारणे दिली त्यांत एक असे होते की, गळ्याला गोलाई यावी आणि तो सुंदर दिसावा, विशेषतः बायकांचा! हे वाचून मला मोठे हसू आले. ज्या ग्रंथीवाचून हात फळ्यावर ठरत नाही, ती म्हणे गळ्याचा दागिना.

१८११ साली फ्रान्समध्ये नेपोलियनच्या लढायांना दारूगोळा पुरत नव्हता. बेर्नार कूर्त्वा नावाचा गृहस्थ बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा करी, आणि त्यासाठी समुद्रशैवालाची राख वापरी. एकदा त्या राखेत आम्ल जरा अधिक पडले आणि जांभळ्या रंगाच्या वाफा उठल्या. त्या थंड भांड्यावर थिजून काळसर स्फटिक झाले. हे आयोडीन, जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. पुढे १८२० साली जिनिव्हाच्या झाँ-फ्रांस्वा क्वांदे या डॉक्टरने तर्क केला, की स्पंजाच्या राखेचा गुण या आयोडीनचाच असावा. त्याने ते गलगंडाच्या रोग्यांना दिले आणि गळे उतरू लागले. पण मात्रा कोणाला ठाऊक होती? लोक मन मानेल तसे घेऊ लागले, काहींना त्याची बाधा झाली, आणि औषध बदनाम झाले. चांगली गोष्ट प्रमाणाबाहेर घेतली तर काय होते, हे दिवाळीच्या चौथ्या दिवशी आपल्यालाही कळतेच.

इथवर कथा फक्त सुजलेल्या गळ्यांची होती. ज्यांचा गळा सुजत नाही, ज्या नुसत्या थकतात, त्यांच्याकडे पाहायला १८७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये सर विल्यम गल या डॉक्टरांनी एक छोटा निबंध वाचला. हे राणी व्हिक्टोरियाचे वैद्य, म्हणजे मोठ्या मानाचे. निबंध मात्र कोणा राणीवर नव्हता. तो होता पाच साध्या बायकांवर. चांगल्या धडधाकट बायका हळूहळू मंद होत गेल्या. चेहरा गोल आणि सुजट, जीभ जाड, हात जड, बोलणे संथ, कामात मन लागेना. गल यांना कारण सांगता आले नाही, उपायही सांगता आला नाही. त्यांनी एवढेच केले, की या बायकांना आळशी न म्हणता त्यांचे म्हणणे लिहून घेतले आणि हा काहीतरी रोग आहे असे चारचौघांत सांगितले. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला पहिला दिवा तो. औषध पुढे अठरा वर्षांनी आले. पण त्या दुखण्याला दुखणे मानले गेले ते त्या दिवशी.

पाचसहा वर्षांत विल्यम ऑर्ड यांनी त्याला 'मिक्सिडीमा' असे नाव दिले. अशा एका मृत रुग्णाच्या तपासणीत त्यांना दिसले, की गळ्यातली ग्रंथी सुकून गेली आहे. पण ग्रंथी सुकली म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून ग्रंथी सुकली? हे कोडे सुटले ते एका शस्त्रवैद्याच्या चुकीमुळे, आणि त्याहून अधिक त्याच्या प्रामाणिकपणामुळे.

स्वित्झर्लंड हा डोंगराळ देश. तिथल्या मातीत आयोडीन कमी, म्हणून घरोघर गलगंड. बर्न शहरी थिओडोर कोखर हे शस्त्रवैद्य गलगंड कापण्यात अद्वितीय गणले जात. त्यांच्या आधी ही शस्त्रक्रिया म्हणजे यमाशी गाठ. कोखरांच्या हाती मात्र रोगी सहसा दगावत नसे. हात सफाईचा, म्हणून कित्येकांची ते संपूर्ण ग्रंथीच काढून टाकीत. १८७४ साली त्यांनी एका अकरा वर्षांच्या मुलीची ग्रंथी अशीच समूळ काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली, आणि सर्वांनी वाहवा केली. पुढे तिच्या गावच्या डॉक्टरांनी कळवले, की ही पोर आता पूर्वीची राहिलेली नाही. वाढ खुंटली, चेहरा सुजट, बुद्धी मंद. धाकटी बहीण तिच्या डोक्यावरून उंच गेली होती.

१८८२ साली जिनिव्हाच्या झाक रेव्हेर्दँ या शस्त्रवैद्याने असेच अनुभव सांगितले, तेव्हा कोखर अस्वस्थ झाले. एखाद्याने कानांवर हात ठेवले असते. कोखरांनी आपल्या जुन्या रोग्यांना पत्रे पाठवून परत बोलावले. ज्यांची पूर्ण ग्रंथी काढली होती त्यांपैकी अठरा जण आले. त्यांतले सोळा तसेच, मंद, सुजट, थकलेले. ज्यांची ग्रंथी थोडी ठेवली होती ते मात्र ठणठणीत! १८८३ साली कोखरांनी हे सगळे भर परिषदेत सांगितले आणि छापलेही. यशस्वी म्हणून मिरवलेल्या शस्त्रक्रियेने आपण माणसे बिघडवली, हे सांगायला छाती लागते. पुढे १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तसा मान मिळवणारे ते पहिले शस्त्रवैद्य. मला विचाराल तर त्या सोळा माणसांना डोळ्यांनी पाहायचे धैर्य त्यांनी केले, तेव्हाच ते मोठे झाले.

त्याच वर्षी लंडनमध्ये फेलिक्स सेमन यांनी सुचवले, की गल यांच्या बायका आणि कोखरांचे रोगी यांचा आजार एकच आहे. प्रथम हे कोणाला पटेना. मग वैद्यमंडळाने समिती नेमली. समितीने शंभराहून अधिक रुग्ण पाहिले, त्यांत बहुतेक बायकाच, आणि १८८८ साली निर्णय दिला की सेमन म्हणतात ते खरे. समितीला अहवाल द्यायला पाच वर्षे लागली, हे वाचून मला आपल्याकडची आठवण झाली खरी; पण त्या समितीने काम केले, एवढा फरक.

ग्रंथी नसल्याने जर हा रोग होतो, तर ग्रंथी बाहेरून द्यावी! न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ साली मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढला आणि शेहेचाळीस वर्षांच्या एका बाईला सुईने टोचला. ती चारपाच वर्षे या रोगाने खिळलेली होती. थोड्याच महिन्यांत तिची सूज उतरली, बोलणे चपळ झाले, आणि ती घराबाहेर पडू लागली. पुढल्याच वर्षी कळले की टोचायची गरज नाही, ग्रंथी पोटात घेतली तरी गुण येतो. डॉक्टर फॉक्स नावाचे एक गृहस्थ तर अर्धी ग्रंथी हलकी तळून, बारीक करून, बेदाण्यासारख्या आंबट फळाच्या मुरंब्याबरोबर आठवड्यातून एकदा द्यायला सांगत. आपल्या वैद्यांचे मधाबरोबरचे चाटण मला आठवले. मरेची ती बाई अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ साली, चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधाला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरेनेच लिहून ठेवला आहे.

मेंढ्यांवाचून कसे भागले? १८९५ साली जर्मनीत ऑयगेन बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले. शरीराच्या घटकांत ही वस्तू असेल असे कोणालाच वाटले नव्हते. त्यांचा स्वतःचाही आधी विश्वास बसेना. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतला सत्त्वांश शुद्ध स्फटिकरूपात मिळवला, तोच थायरॉक्सिन. १९२६ साली इंग्लंडात चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची घडण उलगडली, आणि वर्षभरात जॉर्ज बार्जर यांच्याबरोबर तो प्रयोगशाळेत बनवूनही दाखवला. मी रोज सकाळी घेते ती चिमुकली पांढरी गोळी या वंशातली. तिच्यात एकही मेंढी नाही.

आता माझ्या वहीतल्या नावाकडे येते. हाकारू हाशिमोटो हे जपानचे. वैद्यांच्या घराण्यात १८८१ साली जन्मले, फुकुओकाला शस्त्रवैद्यक शिकले. १९१२ साली त्यांनी जर्मन भाषेत एक प्रबंध छापला. विषय चार मध्यमवयीन बायका. त्यांच्या गळ्यातली गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा ग्रंथीच्या पेशींऐवजी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली. ठाण्यात चोर पकडायला आलेली शिबंदी घरातच मुक्काम ठोकून बसावी, तशी. हा नवा रोग आहे, असे त्या तिशीतल्या डॉक्टरने लिहिले. कोणी लक्ष दिले नाही. युरोपातल्या शिक्षणात महायुद्धाने खंड पडला, वडील वारले, आणि १९१६ साली हाशिमोटो आपल्या गावी परतून साधे गावडॉक्टर झाले. १९३४ साली विषमज्वराने गेले, बावन्नाव्या वर्षी. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनिएक नावाच्या डॉक्टरीणबाई आणि आयव्हन रॉइट यांनी दाखवून दिले, की अशा रुग्णांच्या रक्तात आपल्याच ग्रंथीवर चालून जाणारे पदार्थ असतात. त्याच सुमारास अमेरिकेत सशांवरच्या प्रयोगांनी हीच दिशा दाखवली. शरीर स्वतःवर उलटत नाही, हा तोपर्यंतचा पक्का समज. तो मोडला तेव्हा हाशिमोटोंना जाऊन बावीस वर्षे झाली होती. आज जगभर, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यातसुद्धा, त्यांचे नाव रोज घेतले जाते. बिचाऱ्यांना ते कधी कळले नाही.

असो. एका बाईची गोळी झाली. पण आयोडीनच्या अभावाने लाखो माणसांचे गळे सुजतात त्यांचे काय? इथे शाळामास्तरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेतल्या ओहायो प्रांतात अ‍ॅक्रन गावच्या शाळांतून १९१७ पासून डेव्हिड मरीन आणि किंबल यांनी मुलींना आयोडीनची मात्रा दिली. ज्या २१९० मुलींनी ती घेतली त्यांतल्या अवघ्या ५ जणींची ग्रंथी वाढली. न घेतलेल्या २३०५ मुलींत ४९५ जणींची. हे आकडे मी माझ्या मुलांना शेकडेवारीचे गणित म्हणून घातले. १९२२ पासून स्वित्झर्लंडात आणि १९२४ साली अमेरिकेच्या मिशिगनमध्ये मिठातून आयोडीन देणे सुरू झाले. मीठच का? तर श्रीमंत-गरीब सगळेच ते खातात, आणि रोज जवळजवळ सारखेच खातात. मोठ्या माणसाला दिवसाला लागते १५० मायक्रोग्रॅम. म्हणजे सत्तर वर्षांच्या आयुष्याला चार ग्रॅमसुद्धा नाही. चहाच्या चमच्यात राहील एवढ्यावर माणसाची बुद्धी आणि उमेद टांगलेली!

आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याची गावेच्या गावे गलगंडाने ग्रासलेली होती. इंग्रजी अमदानीत रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी गिलगिटच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे त्याचा शोध घेतला. ते पाण्याच्या घाणीला दोष देत, आणि त्यासाठी तो गाळ स्वतः पिऊनही त्यांनी पाहिला. स्वातंत्र्यानंतर डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी १९५६ साली कांगडा खोऱ्यात सुमारे लाखभर वस्तीत प्रयोग मांडला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचे मीठ, मधल्याला साधे. १९६२ पर्यंत आयोडीनवाल्या भागांत शाळकरी मुलांमधले गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर आले. मधल्या भागात जसेच्या तसे. मग त्या भागालाही तेच मीठ दिले. मधल्या भागातल्या मुलांनी तितकी वर्षे वाट पाहिली, हे वाचताना मन जरा थांबते; पण त्यांच्या वाट पाहण्यातून देशाला पुरावा मिळाला. त्या काळापासूनच्या संशोधकांत देव, करमरकर अशी आडनावे भेटली की आपल्या गावचा माणूस परक्या स्टेशनवर दिसावा तसा आनंद होतो. १९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रणाची योजना सुरू केली. खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचे झाले, मध्ये २००० साली ती सक्ती उठली, आणि २००६ पासून पुन्हा देशभर लागू झाली.

माझे माहेर शिरोड्याजवळचे. ज्या गावच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिकवले, ते शिरोडे. १९३० साली तिथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. आमच्या स्वयंपाकघरात बरणीत तेच खडेमीठ असे. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन असणारच, असा आमचा सर्वांचा समज. तो खोटा. पाणी आटून मीठ होईपर्यंत त्यात आयोडीन नावापुरतेच उरते. समुद्र ते आम्हांला देई ते माशांतून.

म्हणजे आईलाही ते मिळत होते. तरीही तिचे असे का झाले?

माझ्या पहिल्या कादंबरीत एक आई आहे. भर वैशाखात गोधडी पांघरून माजघराच्या कोपऱ्यात बसलेली, घोगऱ्या आवाजात एक वाक्य पाच श्वासांत बोलणारी, घर बुडत असताना न हलणारी. वाचक हसले. एका परीक्षकाने 'आळसाचे अस्सल चित्र' म्हणून कौतुक केले. ते चित्र माझ्या आईचे होते. मी शाळेतून यावे तो चूल थंड, विचारावे तर ती म्हणे, "उठाक होणा नाय गो बाय." आत्या तिला कुंभकर्णाची बहीण म्हणत. आम्ही मुलेही म्हणत असू.

आईने ती कादंबरी वाचली. दोनशे पाने वाचायला तिला दोन महिने लागले. मी भीतभीत विचारले, कशी वाटली? ती म्हणाली, "बरा लिवलंस." मग थोड्या वेळाने, "पण त्या बायेक कोणी डाक्तराक दाखवूक नाय काय गो?"

मी त्यावर हसले होते. आई गेली त्याला आता अकरा वर्षे झाली.

परवा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंना हे सगळे सांगितले आणि विचारले, "तिला हेच होते का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, "रक्त पाहिल्याशिवाय मी कोणाचेच निदान सांगत नाही, बाई. हा विकार घराण्यात उतरतो, इतके मात्र खरे." त्यांनी मला खोटे समाधान दिले नाही, खोटा दोषही दिला नाही. मी गल यांची आठवण काढली. त्यांनाही कारण ठाऊक नव्हते. पण त्यांनी बाईचे म्हणणे ऐकून घेतले. आईने मला जे विचारले, ते त्यांनी १८७३ साली विचारले होते. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. मुलगी असले तरी पुरते.

माझा थकवा पंधरा दिवसांत पळाला, असे लिहिले तर ती कादंबरी होईल. तसे झाले नाही. गोळी सुरू केली, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, मग मात्रा वाढवली, पुन्हा सहा आठवडे. लोहाच्या गोळ्या वेगळ्या वेळी. आठेक महिन्यांनी एक दिवस सतराचा पाढा फळ्यावर पुरा लिहून झाला आणि मी अठराचा लिहायला घेतला, तेव्हा माझ्या ध्यानात आले. अजूनही काही दिवस जड जातात. पण त्या दिवसांना मी आता आळस म्हणत नाही.

त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. प्रकाशकांनी विचारले, काही दुरुस्ती? पुष्कळ विचार केला. त्या आईला मी बरे केले नाही. ते खोटे झाले असते. फक्त सोळाव्या प्रकरणात शाळेतून आलेली मुलगी थंड चुलीकडे पाहून बाहेर निघून जाते, तिथे तिला परत फिरवली आहे. ती आईजवळ बसते आणि तिचा हात हातात घेऊन पाहते. हात गार असतो. मुलगी विचारते, "आई, तुला काय होते आहे?"

नरकचतुर्दशीला पहाटे उठेन, गोळी पाण्याबरोबर घेईन, आणि अर्ध्यापाऊण तासाने चहा, मग फराळ. तेवढ्या वेळात तेल-उटणे होते. तुमच्या घरीही सणाला सगळी जमतील. त्यांत एखादी बाई चकल्या तळता तळता पायरीवर टेकेल. तिला 'बसली बघा' म्हणण्याआधी, एवढेच विचारून पाहा.